दुखणं किती, आणि मनात काय?

ऑपरेशननंतरचं दुखणं मोजायला एक आकडा पुरत नाही. उजवा गुडघा बदलून घेतल्यावर हे मला सोसून कळलं. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर तुम्हाला ते आधीच कळावं, म्हणून लिहिते आहे.

वॉर्डात दर पाळीला सिस्टर विचारायच्या, "काकू, शून्य ते दहात किती दुखतंय?" मी चार सांगायची. आकडा खरा होता, पण पडून असतानाचा. केसपेपरवर चार लिहिलं जाई आणि गोळ्या वेळेवर मिळत. रात्री मात्र डोक्यात एकच घोळत राही: पाय वाकवला तर टाके उसवतील, आतला नवा सांधा निसटेल. व्यायामाची वेळ झाली की पाय आपोआप ताठ व्हायचा. घरी आल्यावरही तेच. गुडघा आखडला आणि शेवटी पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागला. गुडघा आखडायला इतरही कारणं असतात, पण तोवर माझ्या भीतीबद्दल कुणी एक शब्दही विचारला नव्हता.

पुढे ज्या फिजिओथेरपिस्टबाई भेटल्या, त्यांनी आधी एक प्रश्नावली पुढे ठेवली. 'पेन कॅटास्ट्रोफायझिंग स्केल' असं तिचं नाव. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ मायकेल सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९५ मध्ये मांडली. १३ विधानं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. त्यात तीन गोष्टी तपासतात: दुखण्याचा विचार मनातून जातच नाही का, काहीतरी भयंकर होणार असं वाटतं का, आणि आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं का. माझ्याबाबतीत पहिल्या दोन्हींचं पारडं जड होतं. त्यावरून बाईंनी व्यायामाची पद्धतच बदलली. सांधा कसा बसवला आहे ते चित्र काढून दाखवलं आणि किती वाकवायचं ते माझ्या हाती दिलं.

ही प्रश्नावली आजवरच्या दुखण्याच्या अनुभवांबद्दल विचारते, त्यामुळे ती ऑपरेशनच्या आधीच भरता येते. ती तेव्हाच भरून घ्या. गुडघा बदलल्यावर साधारण पाचातल्या एका रुग्णाचं दुखणं दीर्घकाळ रेंगाळतं, आणि आधीपासून असे विचार जास्त असणाऱ्यांत ते अधिक आढळतं. पण गुण जास्त आले म्हणून ऑपरेशन नाकारायचं नसतं, तयारी वाढवायची असते. ३० च्या वर गुण म्हणजे काळजीचं, असं सहसा धरतात. ती रेषा दुखापतीनंतर बराच काळ वेदना सोसणाऱ्या कामगारांच्या गुणांवरून आखलेली आहे, त्यामुळे तिला पास-नापासची रेषा मानू नका.

उत्तरं रुग्णानंच द्यावीत, आणि शक्य तर एकट्यानं. मुलगा शेजारी उभा असताना कोणतीही आई "मला आता सहन होत नाही" असं म्हणणार नाही. "ठीक आहे" म्हणून मोकळी होईल. वाचता येत नसेल तर सिस्टरनं घरच्या बोलीत विचारावं. आकडा विचारायचा तर पडून असतानाचा वेगळा, पाय वाकवतानाचा वेगळा. आणि एकदा मोजून थांबू नका. टाके काढताना आणि पुढच्या तपासणीलाही विचारा.

घरच्यांना कळकळीनं सांगते, "हे सगळं तुझ्या मनाचं आहे" हे वाक्य उच्चारू नका. गुण जास्त आले म्हणून वेदना खोटी ठरत नाही. भीतीनं तीच वेदना अधिक तीव्र होते, इतकंच.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दुखणं अचानक वाढलं, ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागलं, पोटरी सुजून दुखू लागली, तर ते भीतीच्या खात्यात टाकू नका. जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी प्रश्नावली बाजूला ठेवून लगेच सर्जनला फोन करा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनचीही वाट न पाहता रुग्णाला थेट हॉस्पिटलमध्ये न्या.