कुत्रा व मांजर यांतील अवटु ग्रंथीचे विकार

मानेच्या पुढील भागी, श्वासनलिकेच्या दोहों बाजूंस लागून एक लहानशी ग्रंथी असते. तिला अवटु ग्रंथी म्हणतात. दवाखान्यात ती थायरॉईड या नावाने ओळखली जाते. तिचा स्राव रक्तात मिसळतो आणि शरीराच्या सर्व व्यवहारांचा वेग ठरवितो. खाल्लेल्या अन्नापासून ऊब किती निर्माण व्हावी, हृदय किती जलद चालावे, केसांची वाढ कशी व्हावी, हे सारे त्या स्रावावर अवलंबून असते. ग्रंथी मंदावली म्हणजे जनावर सुस्तावते व जाड होते. ती अतिवेगाने चालू लागली म्हणजे जनावर भरपूर खाऊनही झिजते. कुत्र्यात बहुधा पहिला प्रकार आढळतो, मांजरात दुसरा.

हा स्राव तयार होण्यास आयोडीन लागते. ते अन्नातून न मिळाल्यास ग्रंथी फुगते व गलगंड होतो. आपल्या जिल्ह्यास हा विषय परका नाही. गलगंडाचा मोठा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी असला, तरी हिमालयापासून दूरच्या ज्या प्रदेशांत माणसांमध्ये हा विकार आढळला, त्यांत पूर्वीच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची गणना झाली आहे. या विकाराच्या अभ्यासात कुत्र्याचाही वाटा आहे. डेव्हिड मरीन हे अमेरिकन वैद्य १९०५ मध्ये क्लीव्हलँड शहरी आले, तेव्हा तेथील कुत्र्यांच्या गळ्यांवरील गाठी त्यांच्या दृष्टीस पडल्या. जनावरांवरील प्रयोगांनंतर १९१७ पासून त्यांनी जवळच्या ॲक्रन गावी शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखविले. आपल्याकडे १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन तीच गोष्ट सिद्ध केली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

घरातील मीठ आता आयोडीनयुक्त असते. गोठ्यातील मीठ मात्र तसे असेलच असे नाही. जनावरांना स्वस्त खडे मीठ घालण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. गाभण शेळीस आयोडीन कमी पडले तर करडू गळ्याशी सूज घेऊन, विरळ केसांचे व दुबळे जन्मते, किंवा मेलेलेच निपजते. आयोडीनयुक्त मीठ अथवा चांगले खनिज मिश्रण हा त्यावरील साधा उपाय आहे.

कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. घरची भाकरी व उरलेसुरले कालवण खाणाऱ्या कुत्र्यास आयोडीनची उणीव सहसा नसते. त्याच्या शरीरातील संरक्षक पेशीच स्वतःच्या ग्रंथीवर उलटतात आणि तिचा हळूहळू नाश करितात. काही कुत्र्यांत ग्रंथी आपोआप आक्रसते. म्हणून येथे आयोडीन चारून उपयोग नाही. हा विकार मध्यम वयात, साधारण चार ते दहा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतो. गोल्डन रिट्रीव्हर व डॉबरमन या जातींत तो अधिक असला, तरी गावठी कुत्राही त्यास अपवाद नाही.

कन्नड व सोयगाव तालुक्यांत, गौताळा अभयारण्याच्या आसपासच्या वस्त्यांवर बिबट्याचे भय असते. तेथे कुत्रा म्हणजे रात्रीचा पहारेकरी होय. असा कुत्रा भुंकेनासा झाला, उन्हात किंवा चुलीजवळ पडून राहू लागला, खुराक न वाढता जाड झाला, तर ‘म्हातारा झाला’ म्हणून त्याजकडे दुर्लक्ष होते. पुढे पोटाच्या दोन्ही अंगांचे केस सारखेच गळतात, शेपूट उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडते, कातडी जाड व काळसर होते. मग लूत लागली असे समजून गाडीचे जळके ऑईल चोपडले जाते. हा उपाय लूत असली तरी वाईटच. कुत्रा ते चाटतो व विषबाधा होते.

लूत व हा विकार यांतील ठळक भेद खाजेचा आहे. खरजेच्या किड्यांमुळे झालेल्या लुतीत कुत्रा अहोरात्र खाजवितो. कानांच्या कडा व कोपरे प्रथम बिघडतात आणि पुष्कळदा घरच्या माणसांनाही खाज सुटते. ग्रंथी मंदावल्याने केस गळतात तेव्हा आरंभी खाज नसते. परंतु केवळ यावर निर्णय करू नये. लुतीचा दुसरा एक प्रकार फारशी खाज न आणणारा आहे, आणि मंद ग्रंथीच्या कुत्र्याच्या त्वचेत पुढे जंतू शिरून खाजही येते. म्हणून पशुवैद्याने त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही पहिली पायरी, आणि रक्ततपासणी ही दुसरी.

रक्तात टी-फोर नावाचा स्राव कमी व टी.एस.एच. अधिक आढळल्यास निदान पक्के होते. टी-फोर माणसात व कुत्र्यात एकच असतो, टी.एस.एच. मात्र भिन्न असल्याने माणसांच्या तपासणीचे साहित्य त्यासाठी चालत नाही. नमुना देतानाच याची चौकशी करावी. दुसऱ्या कोणत्याही मोठ्या आजारात, तसेच स्टेरॉईड किंवा सल्फा गटातील औषधे चालू असताना टी-फोर उतरतो. शिवाय ग्रेहाउंड, सालुकी अशा सडपातळ शिकारी जातींत तो निरोगी असतानाही कमीच असतो. आपला कारवानी त्याच ठेवणीचा आहे. तेव्हा धावत्या, चपळ कारवानीस केवळ एका आकड्यावरून जन्मभर औषध लावणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

निदान ठरल्यावर लेव्होथायरॉक्सीनच्या गोळ्या आयुष्यभर द्याव्या लागतात. शरीराच्या वजनाच्या मानाने कुत्र्याची मात्रा माणसाच्या दहापटीहून अधिक असते. म्हणून घरात कोणाची गोळी चालू असली तरी तिच्यावरून अंदाज बांधू नये, मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी. गोळी रोज ठराविक वेळी, एकाच पद्धतीने द्यावी. हुशारी एक-दोन आठवड्यांत येते, केस यावयास कित्येक महिने लागतात. केस लवकर येत नाहीत म्हणून पुष्कळ जण औषध सोडून देतात, आणि झालेला खर्च व्यर्थ जातो. चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा नीट करून घ्यावी.

उलट प्रकार, म्हणजे कुत्रा बेचैन होऊन वाळत जाणे, क्वचित दिसतो. असे झाल्यास त्याच्या खाण्याची चौकशी करावी. खाटकाकडील गळ्याचे तुकडे रोज चारल्यास त्यांतील जनावराची अवटु ग्रंथीच कुत्र्याच्या पोटात जाते. ते खाणे बंद करताच कुत्रा सुधारतो. मात्र वयस्क कुत्र्याच्या गळ्यावर घट्ट गाठ लागली तर ती पुष्कळदा कर्करोगाची असते. तिला लेप लावीत बसू नये. त्याच आठवड्यात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा परभणी अथवा उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयात न्यावे.

मांजराविषयी थोडक्यात सांगावयाचे म्हणजे, या विकाराची पहिली नोंद १९७९ मध्ये अमेरिकेत झाली. दहा वर्षांवरील मांजर अधाशासारखे खाऊनही हाडे दिसेपर्यंत वाळते, वरचेवर पाणी पिते, ओकते, रात्री ओरडत फिरते, त्याच्या छातीची धडधड हातास लागते. जंत झाले म्हणून औषध पाजूनही फरक पडत नाही. गाठ बहुधा साधी असते, पण उपचार न झाल्यास हृदय थकते. मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोल या गोळ्यांनी स्राव आटोक्यात राहतो. मात्र त्या सुरू केल्यावर मूत्रपिंडाचा दडलेला आजार उघडा पडू शकतो, म्हणून मूत्रपिंडाची तपासणी आधी व पुन्हा काही आठवड्यांनी करून घ्यावी.