आयटी आणि लॉ एकत्र शिकायला येताय?
(ऑस्ट्रेलियात स्थिरावलेल्या मराठी घरांकडून, कोल्हापूरकरांसाठी)

"पोराला कॉम्प्युटर पण पाहिजे आणि वकिली पण. तिकडं दोन्ही एकदम होतं म्हणे?" कोल्हापूर-इचलकरंजीकडून असे फोन आले, की मेलबर्न-सिडनी-ब्रिस्बेनमधली आम्ही मंडळी जे सांगतो, ते इथं एकत्र केलं आहे.

होतं. मेलबर्नचं मोनाश विद्यापीठ किंवा ब्रिस्बेनची क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी इथं बारावीनंतर आयटी आणि लॉची जोडपदवी करता येते. स्वतंत्र केल्या तर आयटीची तीन आणि लॉची चार वर्षं; एकत्र केल्यावर साधारण पाच ते साडेपाच. दीड-दोन वर्षं वाचतात ते खरं, पण प्रश्न तिथं सुटत नाही. आधी घरात बसून ठरवा: सनद कुठली काढायची?

आयटीची पदवी बंगळुरात चालते तशी सिडनीतही चालते. लॉचं तसं नाही. ऑस्ट्रेलियात वकील व्हायचं तर करार, अपकृत्य, पुरावा, इक्विटी, राज्यघटना असे अकरा ठरलेले विषय पूर्ण करावे लागतात. 'प्रिस्टली इलेव्हन' म्हणतात त्यांना. मग प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, आणि त्यानंतर त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात नोंदणी. ही पदवी घेऊन भारतात परतलात, तर विद्यापीठ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यताप्राप्त यादीत असावं लागतं, परदेशी पदवीधर भारतीयांसाठीची पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि सनदेनंतर सगळ्यांसारखी ऑल इंडिया बार परीक्षा आहेच.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तिथंच काळा कोट घालायचा असेल, तर शिवाजी विद्यापीठातून कॉम्प्युटरची पदवी आणि मग शहाजी लॉ कॉलेजात तीन वर्षांचं एलएलबी, हा रस्ता सरळ आणि स्वस्त. दोन्ही पदव्या एकाच वेळी मात्र नकोत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत, एकात्मिक अभ्यासक्रम सोडला, तर एलएलबीबरोबर दुसरी नियमित पदवी घेता येत नाही. आणि तिथंही काम भरपूर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधला पुरावा दाखल करायचा तर हॅश व्हॅल्यूसकट प्रमाणपत्र लागतं. हॅश म्हणजे काय हे ज्याला कळतं, असा वकील तालुक्याच्या कोर्टात अजून शोधावाच लागतो.

इकडेच राहायचं असेल, तर जोडपदवी जरूर घ्या. मुलं कोडिंगला सहसा अडत नाहीत. अडतात ती वाचनाला. एका आठवड्यात शेकडो पानं, त्यातून निकालाचं कारण नेमकं काढायचं, आणि पाठांतर कामाचं नाही. तयारी घरूनच करता येते. 'ऑस्टली' या संकेतस्थळावर इथले कायदे आणि निकाल फुकट वाचायला मिळतात. सिडनीतल्या दोन विद्यापीठांच्या लॉ विभागांनी ते १९९५ मध्ये उभं केलं. आयटी आणि लॉ एकत्र आले की काय होतं, याचा याहून चांगला नमुना नाही. त्यावरचा १९९२ चा माबो खटला एक सुट्टी घेऊन वाचा. कंटाळा आला, तर वेळीच कळलेलं बरं.

पैशाचं थोडक्यात. फी दर वर्षी वाढते, म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्याला पाचानं गुणून कर्ज काढू नका. सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. त्यात खर्चाला हातभार लागतो, फी निघत नाही. वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतं आणि आपला बारावीचा निकाल मेमध्ये लागतो. जुलैचा प्रवेश प्रत्येक ठिकाणी लॉला मिळेलच असं नाही, तेव्हा ते आधी विचारून घ्या.

आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला विमानतळावरच्या कार्डावर लिहा. लपवलात तर दंड होतो.

आणि अर्जाची फी भरण्याआधी बार कौन्सिलची यादी स्वतः उघडून विद्यापीठाचं नाव बघा. एजंटच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका.