चार नियम सारखे, पाचवा वेगळा



या तिमाहीच्या अभ्यासासाठी मी एक जुनाच प्रश्न घेतला आहे. सर्व माणसांना आणि सर्व काळी लागू पडतील असे नीतिनियम आहेत का? की प्रत्येक समाज आपापले नियम ठरवतो आणि ज्याने त्याने मनाला पटेल तसे वागावे, इतकेच खरे? आपल्या तरुण संघातली मुले हल्ली दुसऱ्या बाजूने बोलतात. स्वतःशी प्रामाणिक राहिले की झाले, असे त्यांचे म्हणणे. पाड्यांवरच्या कामाला हातभार लावणाऱ्या आपल्यालाही हा प्रश्न टाळता येत नाही. आपण तिथे सर्वांचे असलेले काही घेऊन जातो, की फक्त आपल्या सवयी?

याचा विचार वेरूळच्या लेण्यांपासून सुरू करू. एकाच डोंगराच्या कड्यात 34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. बहुतेक मंडळी कैलास पाहून, फोटो काढून परत फिरतात. जैन लेणी थोडी दूर पडतात, म्हणून राहून जातात. आपल्या प्रश्नासाठी मात्र दोन्ही टोके पाहायला हवीत. दहाव्या लेण्यात बुद्ध बसलेले आहेत, बत्तिसाव्यात तीर्थंकर. आत्मा आहे की नाही, याबद्दलसुद्धा या दोन पंथांचे एकमत नाही. आणि तरीही त्यांचे आचाराचे नियम शेजारी शेजारी मांडून पाहा. बौद्धांचे पंचशील हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मद्य यांपासून दूर राहायला सांगते. जैनांची पाच व्रते म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह. मधली लेणी ज्या परंपरेची, तिच्यातल्या पतंजलीने सांगितलेले पाच यमही हेच.

आता निर्गमचा विसावा अध्याय उघडा. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष. चार तेच! सीनायच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या लोकांनी वेरूळचे नाव ऐकले नव्हते. पौल रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात (14 व 15 ही वचने) हेच समजावतो, की ज्यांच्या हाती नियमशास्त्र आले नाही त्यांच्याही अंतःकरणात ते लिहिलेले असते आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो. सर्व धर्म एकच आहेत, असे मला यातून सुचवायचे नाही. ते एक नाहीत, आणि वेरूळच्या भिक्षूंनी व मुनींनीही तसे मानले नसते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: नियम सगळीकडे आहेत, पण पाळतो कोण? शहादा-तळोदा भागातल्या भिल्लांच्या जमिनी गेल्या, त्या घेणाऱ्यांनाही चोरी वाईट हे ठाऊक होते. पण ते काय म्हणाले ते पाहा. "चोरी केली तर बिघडले कुठे?" असे कोणी म्हटले नाही. कर्जापोटी आली, अंगठा घेतला आहे, कागद आहे, असे म्हटले. चोरीला दुसरे नाव द्यावे लागते, ते नियम ठाऊक असतो म्हणूनच. पुढे 1974 मध्ये राज्याला आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदाच करावा लागला.

आता पाचव्या नियमाकडे येतो, कारण आपली खरी अडचण तिथे आहे. बौद्ध पंचशीलात पाचव्या जागी मद्य आहे. जैन व्रतांत त्या जागी अपरिग्रह. (जैनही दारू वर्ज्य मानतात, पण पाच व्रतांत तिला वेगळी जागा नाही.) दहा आज्ञांत दारूचा उल्लेखच नाही, आणि काना गावच्या लग्नात काय झाले ते आपण सर्व जाणतो. तरीही पाड्यावर गेल्यावर आपण पहिले बोलतो ते दारूबद्दल. ज्यांच्याकडे मोहाची दारू देवाला आणि पूर्वजांना वाहतात, लग्नात सर्वांना देतात, त्यांना ही आपली शिस्त देवाची आज्ञा म्हणून सांगणे मला बरोबर वाटत नाही.

मग दारूबद्दल गप्प बसायचे का? शहाद्याचा इतिहास वेगळे सांगतो. 1930 च्या दशकात तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी आपल्याच भिल्ल बांधवांना दारू सोडायला सांगितले आणि हजारोंनी ऐकले. पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत जमिनीचे व मजुरीचे प्रश्न पुढे होते. शिबिरांत बायका बोलू लागल्या, तेव्हा निघाली ती दारू. मजुरी गुत्त्यात जाते आणि रात्री मार बसतो. मग त्या जमावाने गावोगाव गेल्या आणि दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला घेरून जाब विचारला. बाहेरून कोणी नियम आणून दिला नव्हता. शेजारणीला मारू नये, तिच्या कष्टाचा पैसा हिरावू नये, हे जे सर्वांना ठाऊक असते तेच त्यांनी स्वतःच्या घराला लावून पाहिले होते. म्हणून तो पाचवा नियम त्यांचा झाला. वसतिगृहातला मुलगा रेक्टरच्या भीतीने चोरी करत नाही, तेव्हा नियम पाळला जातो खरा, पण तो अजून रेक्टरचाच असतो.

तरुणांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढे. पण मनापासून वाटणे पुरेसे असते, तर सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून मारणाऱ्याला काय उत्तर देणार? तो ढोंगी नसतो; त्याची खरोखर खात्री असते. "आदिवासींची रूढी आहे, आपण मध्ये पडू नये" असे शहरात बसून म्हणणारे मला भेटतात. जिला मारतात तीही आदिवासीच आहे. तिच्या समाजाचे अस्सल काय, हे तिलाही विचारावे ना? जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये आला. तरी आधार द्यायला पहिल्या धावतात त्या बहुधा तिच्याच पाड्यावरच्या बाया.

गट-अभ्यासासाठी रोमकरांस पत्राचे अध्याय 2 आणि 14 एकत्र वाचावेत. चौदाव्यात पौल खाण्यापिण्याच्या आणि सणवारांच्या गोष्टी ज्याच्या त्याच्या मनाच्या खात्रीवर सोपवतो. दुसऱ्यात तसे करत नाही. मग एका कागदावर आपण पाड्यांवर काय काय शिकवतो ते लिहा: कपडे, नावे, लग्नाची रीत, वाद्ये, दारू, मुलींचे शिक्षण, मारहाण. प्रत्येकापुढे दोन किंवा चौदा हा आकडा घाला. आमच्या गटाचे "वाद्ये"पाशी एकमत झाले नाही, आणि ढोल वाजवावा की नाही हा वाद पुढच्या रविवारी चालू राहणार आहे.