संगणक विचारतो, 'फॉरमॅट करू का?' – जुन्या गेमसाठी हार्ड डिस्क तयार करताना



सुट्टीत मुलांसाठी अडगळीतला जुना संगणक पुन्हा चालू करावा, त्यावर आपल्या लहानपणचे गेम टाकावेत, असं अनेकांना वाटतं. मीही ते केलं. आपण टीव्ही गेमची कॅसेट फुंकर मारून लावायचो, ती पिढी. शाळेत पडून असलेल्या संगणकावर लिनक्स टाकलं, बाहेरून लावायची हार्ड डिस्क जोडली आणि गणिताचे, टायपिंगचे गेम त्यात भरले. त्याच डिस्कमध्ये आणखी एक फोल्डर होता. दुसरीच्या मुलांच्या प्रकट वाचनाचं जूनपासून मार्चपर्यंतचं रेकॉर्डिंग.

एका संध्याकाळी ती डिस्क घरच्या विंडोज लॅपटॉपला लावली. लॅपटॉप म्हणाला, वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का? मला वाटलं, डिस्कमध्ये काहीतरी बिघाड आहे. मी 'हो' म्हटलं.

डिस्क चांगली होती. चूक माझी होती. नंतर दुकानातून काही फायली परत मिळाल्या, पण त्यांची नावं गेली होती. हा आवाज कोणाचा, हे ऐकून ऐकून ओळखत बसले. जूनमध्ये एकेक अक्षर लावत वाचणारी एक मुलगी मार्चमध्ये अख्खा परिच्छेद वाचत होती. तिचं मार्चचं रेकॉर्डिंग सापडलं, जूनचं नाही. म्हणून आजचा पाठ.

फाइल सिस्टिम म्हणजे काय?

आपल्या नाशिकचंच उदाहरण घेऊ. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि वह्यांच्या ढिगातून नेमकी वही काढून आजोबा-पणजोबांची नोंद दाखवतात. कोणती नोंद कोणत्या पानावर, याची ठरलेली पद्धत असते म्हणून हे जमतं. डिस्कवरची अशी पद्धत म्हणजे फाइल सिस्टिम.

आता समजा, नोंद मोडी लिपीत आहे आणि आपल्याला मोडी येत नाही. मग आपण 'वही कोरी आहे, पुसून टाका' असं म्हणू का? विंडोज मात्र जवळपास तेच म्हणतं. 'फॉरमॅट करू का' याचा अर्थ बऱ्याचदा 'ही लिपी मला वाचता येत नाही' एवढाच असतो. अशा वेळी 'नाही' म्हणायचं आणि डिस्क आधी ज्या संगणकावर चालत होती तिथे लावून बघायची.

चुकून 'हो' म्हटलंच, तर त्या डिस्कवर पुढे काहीही साठवू नका. झटपट फॉरमॅटमध्ये मुख्यतः अनुक्रमणिका बदलते. जुनी पानं बरीचशी तशीच असतात, त्यांच्यावर नवीन लिहिलं की ती खरी जातात.

चार लिप्या, चार स्वभाव

१. फॅट-३२ : १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. विंडोज ९८ पासून आजच्या लॅपटॉपपर्यंत आणि बहुतेक टीव्हींनाही वाचता येते. पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. (डॉसच्या ६.२२ आवृत्तीचा संगणक असेल तर तिथे त्याआधीची फॅट-१६ लागते आणि एक विभाग २ जीबीपर्यंतच होतो.)

२. एक्स-फॅट : २००६ मधली. ४ जीबीची अडचण नाही. नव्या विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. विंडोज एक्सपीला वेगळा अपडेट लागतो. जुन्या टीव्हीवर चालेलच असं नाही.

३. एनटीएफएस : विंडोजची घरची लिपी. लिनक्स वाचतं, लिहितंही. विंडोज ९८ ला मात्र येत नाही.

४. ईएक्सटी-४ : लिनक्सची घरची लिपी. विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही. माझी डिस्क हीच होती.

शेवटच्या दोन पद्धती काम करण्याआधी त्याची टिपण ठेवतात. मध्येच वीज गेली तरी अनुक्रमणिका सावरता येते. फॅट-३२ आणि एक्स-फॅटमध्ये ही सोय नाही.

मग निवडायचं कसं?

'सगळ्यात चांगली कोणती' असं विचारू नका. 'ही डिस्क कोणकोण वाचणार' असं विचारा. खूप जुना संगणक किंवा टीव्ही यादीत असेल तर फॅट-३२. नवा विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एक्स-फॅट. डिस्क कायम एकाच लिनक्स संगणकाला किंवा रास्पबेरी पायला राहणार असेल तर ईएक्सटी-४, आणि डिस्कवर ठसठशीत चिठ्ठी : 'फक्त लिनक्स. फॉरमॅट करू नये.'

जुन्या गेमना जागा फार लागत नाही. पहिला सुपर मारिओ ब्रदर्स फक्त ४० केबीचा. सीडीवरचा गेम ७०० एमबीच्या आसपास, तोही फॅट-३२ मध्ये बसतो. पूर्ण भरलेल्या डीव्हीडीची एक फाइल मात्र ४ जीबीच्या पुढे जाते, तिथे ती अडते.

माउंट करणे

लिनक्समध्ये डिस्कची वायर जोडली की काम संपत नाही. डिस्कला एका फोल्डरचा पत्ता द्यावा लागतो, त्याला माउंट करणे म्हणतात. डेस्कटॉप असेल तर हे बहुधा आपोआप होतं. पण गेमच्या प्रोग्रामला रोज तोच पत्ता हवा असतो.

संगणक डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं देतो, ती बदलू शकतात. आपल्या हजेरी क्रमांकासारखी! दरवर्षी हजेरी क्रमांक बदलतो, जनरल रजिस्टरचा क्रमांक बदलत नाही. डिस्कचा असा न बदलणारा क्रमांक म्हणजे यूयूआयडी. 'एफएसटॅब' या फाइलमध्ये तोच लिहावा. सोबत 'नोफेल' हा शब्दही लिहावा, म्हणजे डिस्क लावलेली नसली तरी संगणक सुरू होताना अडून बसत नाही.

गेम चालतो पण सेव्ह होत नाही? मग बहुधा परवानगीचा प्रश्न आहे. फॅट-३२ आणि एक्स-फॅटमध्ये फाइलचा मालक कोण हे लिहिलेलंच नसतं, ते माउंट करताना सांगावं लागतं. ईएक्सटी-४ मध्ये मालकी डिस्कवरच नोंदलेली असते, ती एकदा नीट दिली की झालं.

आणि डिस्क काढताना आधी 'अनमाउंट'. स्क्रीनवर कॉपी संपली असं दिसलं तरी काही मजकूर अजून मेमरीतच असू शकतो.

वर्गासाठी एक उपक्रम

डिस्कवर जागा ठरावीक मापाच्या डब्यांत मिळते. डबा ३२ केबीचा असेल तर ४० केबीच्या मारिओला किती डबे लागतील? दोन, म्हणजे ६४ केबी. २४ केबी वाया. मोठ्या एक्स-फॅट डिस्कवर विंडोज सहसा १२८ केबीचा डबा ठेवतं. मग वाया किती? चौथीची मुलं हे गणित आवडीने सोडवतात.

शेवटी एवढंच. गेम पुन्हा मिळतात. सुपरटक्स, टक्समॅथ, जीकॉम्प्री यांसारखे गेम तर मोफत आणि कायदेशीर मिळतात. मुलाचा जूनमधला आवाज पुन्हा मिळत नाही. म्हणून गेमची डिस्क वेगळी, मुलांच्या कामाची वेगळी, आणि मुलांच्या कामाची एक प्रत दुसरीकडे. संगणकाने 'फॉरमॅट करू का' विचारलं, की आधी हात मागे घ्या.