तिघांबाहेरचा अंद्रिया

करमाड

चि. भाचीस,


हेवा, मत्सर आणि डावलले गेल्याची भावना ही तिन्ही बोलताना एकाच ओळीत येतात, पण त्यांची मुळे वेगळी आहेत. दुसऱ्याजवळ आहे ते आपल्यालाही हवेसे वाटणे, हा हेवा. दुसऱ्याजवळ ते आहे हेच सहन न होणे, हा मत्सर. मैत्रीत त्यात आणखी एक भर पडते: आपल्या हक्काच्या माणसाला कोणी वाटेकरी आला, ही भीती. डावलले गेल्याची भावना मात्र मुळात दुःख आहे, दोष नव्हे. माणसाला सोबत लागते हे देवाने आदामाच्या पतनाआधीच ओळखले होते, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. म्हणजे सोबतीची ओढ पापातून आलेली नाही, ती घडणीतच आहे. दुःखाला सांत्वन लागते आणि मत्सराला पश्चात्ताप. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर दुखणे वाढते: दुखावलेली मुलगी स्वतःला पापी समजून गप्प होते, आणि मत्सर करणारी स्वतःला बिचारी समजून मोकळी होते.

डावलले गेल्याची भावना कुठून सुरू होते, ते करमाडसारख्या गावात सहज दिसते. जालना रस्त्यावरचे, रेल्वे स्टेशन असलेले हे गाव. एका बाजूला शहर, जवळच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. दहावी-बारावीनंतर बरोबरीच्या मुलींच्या वाटा फुटतात. एक शहरातल्या कॉलेजात जाते, दुसरी कंपनीत पाळीवर लागते, तिसरी घर आणि शेत सांभाळते. रोज एका गाडीने जाणाऱ्या दोघींची गट्टी जमते, आणि शाळेपासूनची तिसरी आपोआप मागे पडते. यात कोणाचा कट नसतो, वेळापत्रक असते.

गावातली ख्रिस्ती मंडळी लहान असेल तर गुंता वाढतो. तिथे मैत्रीण, चुलत बहीण, गायनातली जोडीदार आणि रविवारच्या शाळेतली सहकारी ही बहुधा एकच मुलगी असते. नाताळच्या फेरीनंतर तिने घरी जेवायला बोलावले नाही, तर एका निमंत्रणात चार नाती एकदम दुखावतात. शिवाय पूर्वी न बोलावल्याचे कानावर यायला आठवडा लागे. आता जेवण संपायच्या आत स्टेटसवर फोटो दिसतो. फोटोत कोण आहे यापेक्षा कोण नाही हेच मन आधी मोजते.

या मोजणीचे बायबलमधले सर्वांत स्पष्ट उदाहरण शौल राजाचे आहे. दाविदाने गल्याथाला मारले तेव्हा फायदा शौलाचाच झाला होता. राज्य त्याचे वाचले. पण स्वागताला आलेल्या स्त्रियांनी गाण्यात शौलाच्या वाट्याला हजार आणि दाविदाच्या वाट्याला दहा हजार दिले. शौलाने विजय विसरून आकडा धरला, आणि त्या दिवसापासून त्याची नजर दाविदावर राहिली. त्याच घरात त्याचा मुलगा योनाथान होता. खरे तर नुकसान त्याचे अधिक होणार होते, कारण गादीचा वारस तो होता. त्याने स्वतःचा झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद उतरवून दाविदाला दिला. दावीद रानात लपला असताना तो तिथे जाऊन त्याला देवाच्या ठायी धीर देऊन आला, आणि मग आपल्या घरी परतला. दाविदाच्या सोबतीची माणसे तेव्हा वेगळी होती. त्यांत आपली जागा कितवी, हे योनाथानाने विचारल्याची नोंद नाही.

शौलाची गोष्ट मत्सराची झाली. डावलले जाण्याची गोष्ट शुभवर्तमानांत अंद्रियाची आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अंद्रिया आधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिष्य होता. तो येशूच्या मागे गेला, आणि मग आपला भाऊ शिमोन पेत्र याला शोधून येशूकडे घेऊन आला. याकोब आणि योहान हे मासेमारीतले त्यांचे भागीदार. पुढे येशूने याइराच्या मुलीला उठवले, डोंगरावर त्याचे रूपांतर झाले, गेथशेमाने बागेत त्याने जिवाच्या आकांताने प्रार्थना केली. या तिन्ही वेळी पेत्र, याकोब आणि योहान जवळ होते. अंद्रिया नव्हता. ज्याने भावाला आणले तोच मागे राहिला. जैतुनाच्या डोंगरावर मात्र त्या तिघांबरोबर त्याचे नाव येते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: येशूच्याही सहवासात जवळिकीची वर्तुळे होती. बारांवर त्याचे प्रेम होते, तरी प्रत्येक प्रसंगी बाराही जण सोबत नव्हते. म्हणून एखाद्या मैत्रिणीची दुसरीशी अधिक जवळीक असणे हा आपोआप अन्याय ठरत नाही. दुसरी: आतल्या तिघांनाही मत्सर सुटला नव्हता. याकोब आणि योहान यांनी उजवी-डावी जागा मागितली, तेव्हा बाकीचे दहा चिडले. पुनरुत्थानानंतरही, आपल्यावर काम सोपवले जात असताना, पेत्राने दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून त्याचे काय, असे विचारले. त्याचा विचार तू करू नकोस, तू माझ्यामागे ये, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. आतल्या वर्तुळात जागा मिळाली की मत्सर संपतो, हा समज म्हणूनच खोटा आहे. तिथे गेल्यावर तो पुढची खुर्ची मोजू लागतो.

खरे डावलले जाणे वेगळे, आणि ते या भागाच्या इतिहासात ठळक आहे. करमाडहून रेल्वेने पुढे गेले की जालना. तिथल्या ख्रिस्ती वस्तीशी नारायण शेषाद्री यांचे नाव जोडलेले आहे. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले, पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. एका भावाला नव्या श्रद्धेमुळे घर अंतरले, दुसऱ्याला घर मिळूनही पंगत मिळेना. पुढे नारायण शेषाद्री निजामाच्या राज्यात आले आणि जालन्याजवळ त्यांनी ख्रिस्ती कुटुंबांसाठी वसाहत उभारली. गावांनी ज्यांना वेशीबाहेर ठेवले होते अशा जातींतली माणसे तिथे राहू लागली. वसाहतीचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर. ज्याला स्वतःला बाहेर काढले गेले, त्याने बाहेरच्यांसाठी घर बांधले.

तिकडे अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरात, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे घर होते. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पती-पत्नींची ताटातूट झाली, आणि काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली. नातलगांत राहून परके होणे म्हणजे काय, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे, तेही कडवटपणा न आणता आणि स्वतःवर हसत. याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, हळव्या मनाचे होते, आणि टिळकांचा मुलगा देवदत्त जवळपास त्यांच्याच वयाचा होता. एका मुलाच्या घरात दुसरा आला म्हणून प्रेमाचे दोन तुकडे झाले नाहीत. ताटात वाढलेली भाकरी वाटली की कमी होते. माणसाची माया त्या हिशोबात बसत नाही.

आता उपायांचा क्रम. सुरुवात भावनेला नाव देण्याने होते. जे वाटते आहे ते दुःख, हेवा की मत्सर, हे देवासमोर स्पष्ट म्हणावे. स्तोत्रसंहितेत जवळच्या मित्राने दगा दिल्याची तक्रारही प्रार्थना म्हणून आली आहे. तेव्हा प्रार्थनेत गोड भाषा वापरण्याची सक्ती नाही. त्यानंतर खात्री करावी. जीपमध्ये जागा सहाच होत्या, बेत आयत्या वेळी ठरला, त्या दिवशी पाळी दुपारची होती: निम्म्या तक्रारी इतक्या साध्या माहितीने मिटतात.

खात्री करूनही टोचणी राहिली तर त्या व्यक्तीशी एकटीशी, समोरासमोर आणि एकदाच बोलावे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने घालून दिलेला क्रम हाच आहे: आधी दोघांतच, मग गरज पडल्यास एक-दोघांना घेऊन, आणि शेवटी मंडळीपुढे. प्रत्यक्षात तो उलटा चालतो. आधी ग्रुपवर टोमणा, मग मावशीकडे तक्रार, आणि संबंधित मुलीला सर्वांत शेवटी कळते. बोलताना आरोप नको. मला बोलावले असते तर आवडले असते, एवढे वाक्य पुरते. समोरचीने समजून घेतले नाही तरी बोलणे वाया जात नाही, कारण मनातला तर्क तिथे थांबतो.

जिच्यामुळे जागा गेली असे वाटते, तिच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करणे ही सर्वांत अवघड पायरी. सुरुवातीला ती कोरडी होते आणि ढोंगासारखी वाटते. तरी ती सोडू नये; ज्या व्यक्तीच्या परीक्षेसाठी, आईच्या आजारपणासाठी महिनाभर मागणे केले, ती पुढे नुसती प्रतिस्पर्धी राहत नाही. त्याबरोबर स्टेटस पाहण्याला आवर घालावा. दुखऱ्या जागी सारखे बोट लावल्याने जखम भरत नाही.

शेवटची पायरी अंद्रियाची. ज्या घोळक्यात जागा नाही त्याच्या दाराशी उभे राहण्याऐवजी, जिला कोणीच बोलावत नाही तिला शोधावे: नव्याने लग्न होऊन आलेली सून, कंपनीत नोकरीसाठी परगावाहून आलेली मुलगी, प्रार्थनेनंतर एकटीच चपला घालून निघणारी आजी. तिच्याकडे चहाला जाणे किंवा तिला पुढच्या रविवारी शेजारी बसवणे, एवढ्याने सुरुवात होते.

दोन मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. जात, पैसा, शिक्षण किंवा पंथ पाहून मंडळीत कोणाला दूर ठेवले जात असेल, तर तिथे मन मोठे करण्याचा उपदेश डावललेल्या माणसाला करणे अन्याय आहे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी सधन लोक आधी खाऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने बोल लावला तो खाणाऱ्यांना. श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणे याकोबाच्या पत्रातही पाप ठरले आहे. अशी गोष्ट पाळकांपर्यंत नेलीच पाहिजे. दुसरी मर्यादा अशी की झोप उडणे, जेवण सुटणे, जगणे नकोसे वाटणे हे आठवड्यांमागून आठवडे चालले तर केवळ प्रार्थनेवर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे, किंवा टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोलावे. त्यात विश्वासाची उणीव नाही.

अंद्रियाच्या नावाचे एकही पत्र नव्या करारात नाही, एकही लांब भाषण नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तो ठळकपणे दिसतो तो कोणाला तरी आणताना: आधी भाऊ, मग पाच भाकरी आणि दोन मासे जवळ असलेला मुलगा, आणि शेवटी फिलिप्पाबरोबर जाऊन त्याने ज्यांची भेटीची इच्छा येशूच्या कानावर घातली ते परके ग्रीक.

तुझा मामा