आधी पासंग पाहा

माझं गाव वसमत तालुक्यातलं. आबा हळद घेऊन मोंढ्यात जायचे. पारडं रिकामं असताना काटा सरळ उभा राहतो का, हे पाहिल्याशिवाय ते पोतं चढवू देत नसत. ‘आधी धडा कर, मंग तोल,’ एवढंच म्हणायचे. पुढे इन्सॅट मालिकेतल्या हवामान उपग्रहांचे कॅलिब्रेशनचे आलेख वाचण्यात माझी वर्षं गेली. कामाची जात तीच निघाली.

१. आलेखातली रेषा हवेची की काट्याची, हे आधी विचारा. इन्फ्रारेड डिटेक्टर तापमान सांगत नाही, नुसते आकडे देतो. त्याला दोन खुणा दाखवाव्या लागतात. अवकाशाचा काळोख, जेमतेम ३ केल्विन, हे रिकामं पारडं. उपकरणातच बसवलेला, तापमान माहीत असलेला काळा पृष्ठभाग, ज्याला आम्ही ब्लॅकबॉडी म्हणतो, ते शिक्क्याचं वजन. ब्लॅकबॉडी ऋतूप्रमाणे तापली-निवली तर त्यात नवल नाही. तिच्यासोबत डिटेक्टरचा गेनही, म्हणजे आकडा आणि उष्णता यांचं प्रमाण, हलू लागला, की मग कान टवकारा.

२. मध्यरात्र वेगळी काढून पाहा. उपग्रहाचं तोंड कायम पृथ्वीकडे. दुपारी सूर्य त्याच्या पाठीशी असतो, पण मध्यरात्रीच्या आसपास पृथ्वीच्या कडेवरून समोर येतो आणि ऊन थेट उपकरणात शिरतं. आतले भाग तापतात, ब्लॅकबॉडीच्या खुणेत त्यांची ऊब मिसळते, हिशेब चुकतो आणि आलेखात उंचवटा येतो. ही मध्यरात्रही आपल्या घड्याळातली नव्हे. इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्वेला, म्हणजे तिथे ती भारतीय वेळेनुसार साधारण १२ वाजून ३४ मिनिटांनी होते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे तर उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त ७२ मिनिटं. मग त्या उंचवट्याच्या मधोमध खड्डा पडतो. दिवसाची सरासरी काढली, की उंचवटाही गेला आणि खड्डाही. सरासरीवर विसंबणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही.

३. नोंदवही आधी, आलेख नंतर. नवखा असताना एका आलेखात अचानक पायरी दिसली. मी घाईने लिहून दिलं, ‘उपकरण बिघडतंय.’ वरिष्ठांनी फक्त तारीख विचारली. इन्सॅट-३डी वर्षातून दोनदा स्वतःभोवती अर्धा फिरवत, डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या कूलरवर ऊन पडू नये म्हणून. तो दिवस नेमका त्या फिरवण्याचाच होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या माझ्या.

४. उभ्या अक्षावरचे आकडे वाचा. संगणक ०.०५ अंशाचाही डोंगर करून दाखवतो.

५. दृश्य प्रकाशाच्या चॅनेलला इन्फ्रारेडसारखं वजन सोबत नसतं. मग कच्छच्या रणासारखी उजळ, एकसारखी जमीन धरायची. पण पावसाळ्यात रणात पाणी भरतं, तेव्हाचे ठिपके टाकून द्या. आबा ओल्या पोत्याचा भाव करत नसत.

६. दुसऱ्याच्या काट्यावर तोलून पाहा. २००५पासून जगभरच्या हवामान उपग्रहांची अशी पडताळणी चालते. खालून ध्रुवीय कक्षेतला उपग्रह त्याच जागी, त्याच वेळी, त्याच कोनातून पाहत असेल, तर दोघांची तापमानं शेजारी ठेवायची. फरक उन्हाने तापलेल्या जमिनीवर एक आणि उंच ढगांच्या गार माथ्यांवर दुसराच निघतो. दोन्ही वेगळे लिहा. आमच्या हिंगोलीवर पाऊस पाडणाऱ्या ढगाचा अंदाज त्या गार टोकावरून निघतो, आणि तिथेच पासंग सगळ्यात जास्त छळतो.