घरगुती मत्स्यालयासाठी कमी खर्चातील गाळणी

मुरबाड, शहापूर, भिवंडी या भागातील शेतकऱ्यास विहिरीच्या पाण्यावर गप्पी, मॉली, प्लॅटी अशा शोभिवंत माशांची पैदास जोडधंदा म्हणून करावयाची झाल्यास बाजारपेठ दूर नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील सदनिकांतून, दवाखान्यांतून व दुकानांतून काचेच्या टाक्या दिसतात. मात्र नेलेला मासा पंधरा दिवसांत मेला, की गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावते आणि दुकानदार पैदासकाराला. पुष्कळदा मासा निरोगीच असतो. चूक टाकीतील गाळणीत असते. म्हणून मासे विकणाऱ्याने आणि हौसेने पाळणाऱ्यानेही गाळणीची माहिती करून घेणे फायद्याचे आहे.

गाळणीचे खरे काम

गाळणी म्हणजे पाण्यातील कचरा अडवणारी चाळण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ते तिचे दुय्यम काम होय. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. पाणी दिसायला आरशासारखे स्वच्छ असले तरी त्यात हा विषार साठून मासे दगावतात.

अमोनियम सल्फेट जमिनीत टाकल्यावर तेथील जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच प्रकारचे जीवाणू टाकीतही हेच काम करतात. फरक एवढाच की, शेतातील नायट्रेट पीक घेते आणि टाकीतील नायट्रेट आपल्याला पाणी बदलून काढावे लागते. नायट्राइटदेखील माशांना घातक असते. नायट्रेट त्या मानाने सौम्य. या जीवाणूंना चिकटून राहण्यास जागा आणि प्राणवायूयुक्त वाहते पाणी लागते. गाळणी हे त्यांचे घर आहे. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि बहुतेक मासे मरतात ते याच काळात.

कोणती घ्यावी?

दुकानात रंगीत खोकी मांडलेली असतात. खोक्यावरील चित्रावर जाऊ नये. प्रथम टाकी मोजावी. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा व १००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी सुमारे ५४ लिटरची भरते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहते.

एवढ्या टाकीस हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी आमच्या मते सर्वांत योग्य. नळीतून हवेचे बुडबुडे वर चढतात, त्यांच्याबरोबर पाणी ओढले जाते आणि ते स्पंजातून गाळून येते. पाण्यात हवा मिसळण्याचे कामही त्यातच होते. प्रवाह मंद असल्याने गप्पीची पिल्ले ओढली जात नाहीत. बिघडण्यासारखे त्यात काही नाही. झीज झाली तर पंपातील रबरी पडदा तेवढा बदलावा लागतो. ४ वॅटचा पंप रात्रंदिवस चालवला तरी महिन्याला ३ युनिटपेक्षा कमी वीज लागते. पाण्यात बुडणारी १२ वॅटची मोटर साडेआठ युनिटच्या वर जाते. ही मोटर कचरा चांगला उचलते, पण तिच्या जोरदार धारेत फायटरसारखा संथ मासा थकतो.

तळाशी बारीक खडीखाली बसवायची जाळीची गाळणीही स्वस्त आहे व काम चांगले करते. मात्र खडीखाली घाण साचत जाते आणि ती काढण्यासाठी एक दिवस सगळी टाकी उपसावी लागते. बंद डब्याची बाहेर ठेवण्याची मोठी गाळणी दोन फुटी टाकीस घेणे म्हणजे दोन गुंठ्यांसाठी ट्रॅक्टर घेणे होय.

खर्च आणखी कमी करावयाचा असल्यास प्लॅस्टिकच्या लहान बरणीला भोके पाडून, तळाशी धुतलेले विटांचे तुकडे, वर साधा फोम व मधोमध हवेची नळी अशी गाळणी घरी करता येते. भांडी घासण्याचा स्पंज वापरू नये. त्यात कधी जंतुनाशक घातलेले असते. संगमरवराचे तुकडे व शिंपले पाण्याचा जडपणा वाढवतात, तेही टाळावेत.

वीज गेल्यावर

पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. अन्यथा वीज जाताच पाणी नळीतून उलटे पंपात येते आणि पुष्कळदा जमिनीवर सांडते. उंच जागा नसल्यास नळीत एकमार्गी झडप बसवावी. ती अगदी स्वल्प किमतीत मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीकाठच्या वस्त्यांची झालेली दैना कल्याणकरांच्या स्मरणात आहे. तेवढे संकट रोज येत नाही, पण पावसाळ्यात काही तास वीज जाणे नवे नाही. अशा वेळी खाद्य बंद ठेवावे. एकदोन दिवसांच्या उपासाने मोठा मासा मरत नाही. टाकीचे झाकण काढून तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतावे. उघड्या टाकीतला स्पंज त्यातल्या त्यात तग धरतो. बंद डब्याच्या गाळणीतील पाण्याचा प्राणवायू मात्र लवकर संपतो व जीवाणू मरतात. ती न धुता पुन्हा सुरू केल्यास आतले कुजके पाणी टाकीत येते.

धुण्यातील चूक

प्रस्तुत लेखकाने पहिल्या टाकीचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा स्वच्छ केला होता. चौथ्या दिवशी सात मॉली पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून होत्या. त्यांतील दोन वाचल्या. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जसे रोगजंतू मारते तसे हे उपयुक्त जीवाणूही मारते. म्हणून टाकीतलेच थोडे पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज दोनतीनदा हलका पिळावा, तेवढे पुरे. बादलीतले ते गढूळ पाणी कुंड्यांना घालावे. दर आठवड्यास टाकीतील चौथा हिस्सा पाणी बदलावे व नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच ओतावे.

गाळणी कितीही चांगली असली तरी ४५ लिटरमध्ये बारापंधरा गप्पींपेक्षा जास्त मासे सोडू नयेत. गोल्डफिश घाण फार करतो व वाढतोही. त्यास ही टाकी अपुरी आहे.

पैदासकाराने निरोगी माशांच्या टाकीत चारसहा जादा स्पंज कायम चालू ठेवावेत. दीड महिन्यानंतर असा मुरलेला स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून, पिशवीत भरून माशांबरोबर गिऱ्हाइकास द्यावा व त्याच दिवशी बसवण्यास सांगावे. वाटेत तो वाळू देऊ नये. ज्या टाकीत रोग दिसला असेल तिच्यातील स्पंज मात्र कोणासही देऊ नये.